झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: कमी पैशांत ट्रॅकची गाडी कशी बांधावी

"दादा, ट्रॅकवर पळवायला गाडी बांधायची आहे. किती खर्च येईल?" असं विचारणारा कोणी ना कोणी वर्षभर भेटतच असतो. मी त्याला उलट एकच विचारतो: गाडी सहा महिने उघडून ठेवायला बंदिस्त जागा आहे का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. शेजारी तक्रार करतात, पावसात वायरिंग भिजतं, सुटे नटबोल्ट हरवतात, आणि अर्धी खोललेली गाडी शेवटी भंगारवाल्याला द्यावी लागते. वर पत्रा, खाली पक्की फरशी, एक वीजजोड आणि कुलूप लागणारं दार. एवढं असेल तर पुढचं वाचा.

हा लेख एका ठराविक गाडीबद्दल आहे: मारुती झेन, आणि तिच्यात मारुतीच्याच एस्टीमचं 1.3 लिटरचं इंजिन. दुसऱ्या गाड्यांतही इंजिन बदलता येतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने याच जोडीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे. झेनचं 993 सीसीचं, एस्टीमचं 1298 सीसीचं आणि जुन्या बलेनो सेदानचं 1590 सीसीचं अशी तिन्ही इंजिनं सुझुकीच्या एकाच 'जी' घराण्यातली आहेत. एकाच घरातली भावंडं असल्यामुळे माउंटिंग (इंजिन बसवायचे आधार) आणि गिअरबॉक्सची जुळणी खूप सोपी जाते. दुसऱ्या कंपनीचं इंजिन घातलं की अडॅप्टर प्लेट, नवीन माउंटिंग, चाकं फिरवणारे वेगळे शाफ्ट असं एकेक करून लेथवाल्याचं बिल गाडीच्या किमतीपुढे जातं. स्वस्त गाडी स्वस्तच राहायची असेल तर ती घराण्याच्या आत ठेवा.

आता आकडे बघा. इंजेक्शनवाल्या झेनला 60 हॉर्सपॉवर, एस्टीमच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाला 85. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे टनामागे 80 हॉर्सपॉवर होते ते 110 च्या पुढे जातात, आणि आतली मागची सीट, गालिचे, एसी काढला की आणखी वर. भारतात ज्या लहान ट्रॅकवर आपण पळणार आहोत तिथे हे भरपूर आहे. या देशात स्वस्त रेसिंग उभं राहिलं तेच मुळात मारुतीच्या भागांवर. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी 'फॉर्म्युला मारुती' ही एकासनी गाडी त्याच विचाराने बनवली. तिथला 2003 साली सुरू झालेला कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने आहे.

कागद आधी

इथे घाई करू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. गॅरेजपासून ट्रॅकपर्यंत ती टेम्पोवर किंवा फ्लॅटबेडवर जाईल, हे मनात पक्कं करूनच पहिला पाना उचला. "रात्री बायपासवर एक चक्कर" असं मनात येत असेल तर हे काम सुरूच करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल, आणि समोरचा माणूस मेला तर तो कायमचा गेला.

झेनचं वय पंधरा वर्षांच्या वर असणार. जुन्या मोटारीची नोंदणी नव्याने करायला केंद्राचं शुल्क 1 एप्रिल 2022 ला 5,000 रुपये झालं आणि फार जुन्या गाड्यांसाठी ते नंतर आणखी वाढलं, त्यात महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. अनेक मालक ते टाळायला गाडी विकून टाकतात, म्हणून अशा गाड्या कमी किमतीत मिळतात. पण घेताना आरसी, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि थकीत चलन तपासा. चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका. नोंदणीचं पुढे काय करायचं हे गाडी घेण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा.

झेन कोणती घ्यायची

कार्ब्युरेटरवाली झेन आणखी स्वस्त मिळते, तरी ती सोडा. इंजेक्शनवालीच घ्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या टाकीतच विजेवर चालणारा पंप असतो, दाबाची पाइप असते, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी पाइप असते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनावर बसलेला, आणि तो दाब इंजेक्टरला पुरत नाही. म्हणजे टाकी, पंप, पाइप, रिले सगळं नव्याने करावं लागतं. गाडीत वाचवलेले पैसे इथे दुपटीने जातात.

रंग उडालेला चालेल, काच फुटलेली चालेल, इंजिन बंद पडलेलं तर उत्तमच, किंमत पाडून मागता येते. पत्रा मात्र सडका नको. गालिचा उचलून पायाखालची फरशी, पुढच्या स्ट्रटची (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाची) वरची टोपी जिथे बोल्टने बसते ती जागा, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि दाराखालची खोकी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या, खाऱ्या हवेने आतून खाल्लेला पत्रा वरून चकचकीत दिसतो.

सुटं इंजिन नको, अख्खी एस्टीम घ्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सुटं इंजिन मिळतं, आणि ते बघून नवशिक्याला वाटतं काम झालं. माझ्या पहिल्या गाडीत मी हेच केलं. इंजिन चांगलं निघालं, पण त्याबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) नव्हता, वायरिंगचा गठ्ठा अर्धा कापलेला होता, थ्रॉटलची केबल नव्हती, एका सेन्सरचं सॉकेट गायब होतं. चार महिने मी दर रविवारी एकेक तुकडा शोधत हिंडलो. एकूण खर्च मोजला तेव्हा मागून धडक बसलेली, पण चालू अवस्थेतली पूर्ण एस्टीम त्याहून कमी पैशांत आली असती.

म्हणून मागून किंवा बाजूने ठोकलेली, इंजिन चालू असलेली एस्टीम शोधा. ती समोर चालू करून बघता येते हा सगळ्यांत मोठा फायदा. इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना एक्झॉस्टमधून निळा धूर आला तर ऑईल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑईलचं झाकण काढून खालून बघा, दुधी साय असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळतंय. मग चारही प्लग काढून कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी पूर्ण चार्ज असताना. चारही सिलिंडर 150 पीएसआयच्या वर आणि एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर इंजिन घ्यायला हरकत नाही. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर आला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

एस्टीममधून काय काय काढायचं? इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट, ईसीयू, इंजिनाचं संपूर्ण वायरिंग, फ्यूज बॉक्स आणि रिले, इग्निशनचा स्विच किल्लीसकट, सगळी माउंटिंग ब्रॅकेटसकट, थ्रॉटल केबल, एअर फिल्टरचा डबा, रेडिएटर पंख्यासकट, एक्झॉस्टचा पुढचा पाइप ऑक्सिजन सेन्सरसकट. इमोबिलायझर (चोरी रोखायला इंजिन अडवणारी यंत्रणा) असलेली गाडी असेल तर त्याचं कंट्रोल युनिट आणि मूळ किल्ली विसरू नका, नाहीतर स्टार्टर फिरेल आणि इंजिन कधीच पकडणार नाही. वायर एकही कापायची नाही, सॉकेट सोडवायचं. उरलेला सांगाडा भंगारात देताना त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या.

2005 नंतरच्या पहिल्या स्विफ्टमध्येही याच घराण्याचं 1.3 लिटरचं इंजिन आहे आणि ते 87 हॉर्सपॉवरचं आहे. दोन घोड्यांसाठी जास्त गुंतागुंतीचं वायरिंग अंगावर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

जमिनीवर असताना करायची कामं

इंजिन बाहेर आहे तोवर हात सगळीकडे पोचतो. आत बसलं की याच कामांना दसपट वेळ लागतो. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं आणि मागचं ऑईल सील, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, थर्मोस्टॅट, सगळे पाण्याचे होज, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवीन टाका. बाजारात हे सगळं अजून मिळतं. जुने रबरी माउंटिंग हाताने दाबून बघा, चीर दिसली की नवे घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे बरेच मिस्त्री "गाडी गरम होणार नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. इंजेक्शनच्या गाडीत असं करू नका. पाणी सतत थंड राहिलं की ईसीयूला वाटतं इंजिन अजून गरम झालेलं नाही, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन जातं. गाडी गरम होत असेल तर दोष रेडिएटरमध्ये, पंख्यात किंवा अडकलेल्या हवेत शोधा.

गिअरबॉक्सबद्दल दोन वाटा आहेत. एस्टीमचा गिअरबॉक्स घातला तर एस्टीमच्या बाजूचा आणि झेनच्या चाकाकडचा जोड मिळवून शाफ्ट करावे लागतात. झेनचाच गिअरबॉक्स ठेवला तर शाफ्ट, गिअरची लिंक आणि त्या बाजूचं माउंटिंग जागेवर राहतं. पहिल्या गाडीला मी दुसरी वाट सांगेन. मात्र वर उचलण्याआधी जमिनीवरच इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून बघा: क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकतात का, दोन्ही कवचं फटीशिवाय एकमेकांना लागतात का, स्टार्टर बसतो का. बोल्ट आवळून दोन कवचं ओढून जवळ आणायची वेळ आली तर थांबा, आत काहीतरी अडतंय.

शाफ्टची लांबी कमीजास्त असेल तर कापून वेल्डिंग करून देणारे लोक भेटतील. कितीही स्वस्त असलं तरी नको. तो जोड तुटतो तेव्हा गाडी वळणात आणि तुम्ही पूर्ण थ्रॉटलवर असता. जुळणारे जोड शोधून अख्खा शाफ्ट बनवा. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात असं काम नीट करणारे जुने लेथवाले आहेत. मोजमाप कागदावर काढून न्या, तोंडी सांगू नका, आणि लेथवाले काका विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता येईल इतकी तयारी करून जा.

इंजिन काढणं आणि बसवणं

ही पायरी बघायला मोठी, पण खरं तर सगळ्यांत सोपी. बॅटरी काढा, पाणी आणि ऑईल सोडा, पेट्रोलच्या पाइपचा दाब उतरवा, एसीचा गॅस एसीवाल्याकडून काढून घ्या. प्रत्येक सॉकेटला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट जिथून काढला त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायची सवय लावा. चेनकप्पी लटकवायची ती लोखंडी तुळईला, पत्र्याच्या छपराच्या अँगलला नाही. लोंबकळत्या इंजिनाखाली हात तर सोडाच, बोटसुद्धा घालायचं नाही. दोन माणसं लागतात, एक चेनवर आणि एक दिशा द्यायला.

बसवताना घाई न करता तीनही माउंटिंगचे बोल्ट आधी सैल लावा, इंजिन हलवून नैसर्गिक बसू द्या, मग आवळा. नंतर बोनेट बंद करून बघा. एअर फिल्टरचा मोठा डबा लागत असेल तर डबा बदला, बोनेट कापू नका. गाडी जॅकवर असताना स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून शाफ्ट आणि एक्झॉस्ट कुठे घासत नाहीत ना ते बघा. पेट्रोलचा होज एक्झॉस्टपासून एक वितीच्या आत कुठेही येऊ देऊ नका आणि इंजेक्शनच्या दाबाला चालणाराच होज आणि क्लिप वापरा.

वायरिंगला खरा वेळ लागतो. इथे बहुतेकांची गाडी महिनोन् महिने अडकते. माझी पद्धत अशी: एस्टीमचं इंजिनाचं वायरिंग अखंड टाकायचं आणि झेनच्या वायरिंगशी त्याचा संबंध फक्त मोजक्या ठिकाणी ठेवायचा. बॅटरीतून कायमचा करंट, किल्लीवर येणारा करंट, स्टार्टर, पेट्रोल पंप, रेडिएटरचा पंखा, चेक इंजिनचा दिवा, आणि मीटरला जाणारे सिग्नल. एवढ्या वायरींची यादी कागदावर करा, दोन्ही गाड्यांचे रंग समोरासमोर लिहा, मल्टिमीटरने एकेक पडताळा आणि मगच जोडा. जोड सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा, नुसती टेप गुंडाळलेला जोड इंजिनाच्या उष्णतेत सुटतो. ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरी घासून स्वच्छ केलेल्या धातूवर घट्ट बसवा. समजत नाही असे निम्मे दोष खराब अर्थिंगमुळे असतात. हे काम जमणार नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा, पण शेजारी बसून यादी तुम्हीच भरा.

पहिल्यांदा चालू करताना

ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. प्लग काढा, पंपाचा फ्यूज काढा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग आणि फ्यूज लावा, किल्ली चालू करून पंपाचा आवाज ऐका आणि पेट्रोल कुठे गळतंय का ते टॉर्च घेऊन बघा. अग्निशामक हाताशी हवा. चालू झाल्यावर चेक इंजिनचा दिवा विझायला हवा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहा. पंखा आपोआप चालू होऊन बंद झाल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

ब्रेक, टायर आणि तुमचा जीव

पैशांची वाटणी मी अशी करतो: शंभर रुपये असतील तर झेन आणि एस्टीम मिळून पस्तीस, सील-क्लच-होज वगैरेत वीस, ब्रेक-टायर-सस्पेन्शनला पंचवीस आणि सीट, बेल्ट, रोल केज (गाडी उलटली तर जीव वाचवणारा पाइपांचा सांगाडा), हेल्मेटला वीस. इंजिनात सगळे पैसे घालवून ब्रेकला हात आखडणारा माणूस ट्रॅकवर तिसऱ्याच फेरीत घाबरतो, आणि ते घाबरणं रास्त असतं.

एस्टीममधून पुढचे ब्रेक जुळत असतील तर तेही काढून घ्या. निदान नवीन डिस्क, चांगले पॅड, नवे होज आणि ताजं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑईल हवंच. ताजं डॉट 3 साधारण 205 अंशांना उकळतं, डॉट 4 230 अंशांना, आणि दोन्ही हवेतलं पाणी ओढून हळूहळू कमकुवत होतात. ब्रेक ऑईल उकळलं की पेडल थेट जमिनीला लागतं. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी दर वेळी ब्रेकमधली हवा काढा. टायर महागडे नकोत, पण नवे हवेत. बाजूवरचा चार आकडी कोड बघा, त्यात आठवडा आणि वर्ष असतं.

रोल केज करायचा तर पाइप शिवणीशिवायचा, थंड ओढलेला. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी, किंवा 50 मिमी आणि 2 मिमी जाडी लागते. फर्निचरचा पाइप वापरून केलेला केज नसलेला बरा, कारण तो वाकून डोक्यात येतो. केज असलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसायचं नाही, आणि पाइपवर पॅडिंग हवं. सीट पत्र्याला नुसती बोल्टने न लावता खालून जाड पट्टी द्या. बाहेरून ओढता येईल असा बॅटरीचा कटऑफ आणि पुढे-मागे टोइंगचे हूक लावा.

ट्रॅकवर

गाडी बांधत असतानाच चालवायचा सराव सुरू करा. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथे काही दिवस कार्ट चालवलं तर वळणाची ओळ, ब्रेक कुठे सोडायचा हे हाताला कळतं, आणि तेही कमी पैशांत. मोटारीसाठी आपल्याला बहुतेक वेळा दक्षिणेत जावं लागतं: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा कोइमतूरचा कारी, जो साधारण 2.1 किलोमीटरचा आहे. लहान गाडीला कारी जास्त मानवतो, लांब सरळ पट्टीवर मोठ्या गाड्यांच्या मागे राहावं लागत नाही. कोल्हापूरहून बंगळूर, सेलममार्गे जवळजवळ हजार किलोमीटर पडतात, म्हणून दोघातिघांनी मिळून फ्लॅटबेड करा. सरावाच्या दिवसासाठी ट्रॅकवाल्यांना आधीच विचारा, स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटारस्पोर्ट संघटनेचं लायसन्स काढावं लागतं.

पहिल्या दिवशी फेरीची वेळ मोजायची नाही. तीन फेऱ्या सावकाश, चौथी थंड करायला, मग पिटमध्ये या. बोनेट उघडा, गळती बघा, चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, टायरची हवा गरम असताना मोजून वहीत लिहा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गरम ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. लांब वळणात ऑईलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तर त्या दिवसापुरतं थांबा. ऑईल एका बाजूला सरकून पंपाचं तोंड उघडं पडतंय याची ती खूण आहे, आणि पुढच्या फेरीत बेअरिंग जातील. घरी आल्यावर इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर काढून त्यात आडव्या पट्ट्या बसवून घ्या, मग पुन्हा जा.